येलदरकर सरांची जागा

येलदरकर सर प्राचार्य होते तोवर मला त्यांची नुसती भीती वाटायची. ते प्राचार्य राहिले नाहीत आणि त्यांच्या जागी मी बसले, तिथून पुढं ते मला कळायला लागले. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

आमचं कॉलेज परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं. एका अंगाला कापसाचं रान, दुसऱ्या अंगाला आठवडी बाजाराचं मैदान आणि मधे पत्र्याच्या नऊ खोल्या. मी तिथं प्राणिशास्त्र शिकवायला गेले तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. यजमान परभणीला बँकेत. मी शनिवारी दुपारच्या एस्टीनं जायची, सोमवारी सकाळी परत यायची. रुजू व्हायला गेले त्या दिवशी सरांनी माझे कागद वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाले, "फिलहाल तुमीच झूलॉजीच्या हेड. दुसरं कुणी न्हाईच डिपार्टमेंटमधी."

'फिलहाल' हा त्यांचा शब्द. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, पुढं हैदराबादला भूगोलात एम. ए. केलेले. बोलणं मात्र चारठाण्याकडच्या त्यांच्या गावचं. छप्पर गळायचं, तर ते म्हणत, "फिलहाल बादली ठेवा." कुणी प्रकृती विचारली की, "फिलहाल बरा हाय." उंच होते, मानेत जरा वाकलेले. चालताना दोन्ही हात मागं बांधायचे. दुपारी कार्यालयाचं दार उघडं टाकून ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी खायचे आणि त्या वेळात कुणी आत आलं तर अर्धी भाकरी त्याच्यापुढं सरकवायचे. नको म्हटलेलं चालत नसे. त्यामुळं त्या वेळी कुणी जात नसे.

हजेरीपटावर त्यांनी कुणाला गैरहजर मांडलेलं मी पाहिलं नाही. आलेल्या मुलापुढं रेघ, न आलेल्यापुढं टिंब. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गैरहजर म्हंजे ज्याला येता येतं आन येत न्हाई तो. आपली पोरं दिवाळी झाली की आईबापासंगं ऊस तोडायला जायलीत. ती पोचली न्हाईत एवढंच मला म्हाईत हाय." ती मुलं चैत्रात परत आली की सर त्यांचे जादा तास घ्यायचे. हातांना उसाच्या पाल्यानं ओरखडे पडलेली ती मुलं तापलेल्या पत्र्याखाली जगाचे वारे आणि समुद्राचे प्रवाह शिकत बसायची.

प्राचार्य असूनही पहिल्या वर्षाचा भूगोल त्यांनी सोडला नव्हता. त्या मुलांना पहिलं काम एकच असायचं, आपल्या गावाचा नकाशा काढून आणायचा. शाळा, विहिरी, वाटा, देऊळ, आपलं घर. ते नकाशे माझ्या प्रयोगशाळेसमोरच्या भिंतीवर लागायचे, म्हणून मला हे सांगता येतंय.

सत्त्याहत्तर साली एकाच गावची दोन मुलं वर्गात होती. सर्जेराव तिथल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, उत्तम बौद्धवाड्यातला. सर्जेरावच्या नकाशात गाव नाल्यापाशी संपत होतं. नाल्यापलीकडं कोरा कागद आणि त्यावर उत्तर दिशा दाखवणारा सुबक बाण. उत्तमचा नकाशा नाल्यापासून सुरू होत होता. पंचवीस-तीस घरं, एक आड, एक लिंबाचं झाड. नाल्याच्या दुसऱ्या बाजूला त्यानं घरं काढलीच नव्हती. 'गावाकडे' असं लिहून सोडलं होतं.

सरांनी दोन्ही कागद असे लावले की नाला नाल्याला मिळाला. मग दोघांना बोलावलं.

"दोघांचाबी कागद लहान पडला रे," ते म्हणाले. "मोठा कागद देतो. संगं काढा. मोजणीची साखळी घेऊन जा."

त्या साखळीचं एक टोक एकानं धरायचं आणि दुसरं दुसऱ्यानं. एकट्याला मोजता येत नाही. दोन रविवार ती मुलं गावात साखळी ओढत फिरली. तो मोठा नकाशा भिंतीवर लागला तेव्हा सर्जेरावचे वडील मुद्दाम बघायला आले. बराच वेळ उभे राहिले, सरांना नमस्कार केला आणि तिथून थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्षांना सगळे आबासाहेब म्हणत. कॉलेजला जमीन त्यांनीच दिलेली. बारा वर्षांपूर्वी येलदरकर सरांना स्वतःच्या जीपमधून घेऊन आलेलेही तेच. वाईट माणूस नव्हता. पण त्यांच्या ओसरीवर रोज पन्नास माणसं बसायची आणि त्या पन्नास माणसांचं त्यांना ऐकावं लागायचं.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि काही दिवसांतच गावोगावी बौद्धवाड्यांतली घरं पेटायला लागली. रस्ते अडले, एस्टी बंद झाली, मी परभणीला जाऊ शकले नाही. कॉलेजला सुट्टी जाहीर झाली. त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी उत्तम आपली आई, दोन बहिणी आणि शेजारची चार-पाच घरं घेऊन भिजत कॉलेजच्या फाटकाशी आला. त्यांच्या घराचं छप्पर जळालं होतं. सरांनी भूगोलाचा हॉल उघडून दिला. संध्याकाळपर्यंत आणखी दोन गावांतली माणसं आली. हॉल भरला, मग त्याला लागून असलेला वर्गही भरला.

सर माझ्या खोलीवर आले. डोक्यावर पोत्याची खोळ होती. "बाई, लॅबची किल्ली पायजे."

मी म्हणाले, "सर, तिथं बरण्या आहेत, फॉर्मॅलिन आहे. लहान मुलं हात लावतील."

त्यांनी डोक्यावरची खोळ पुढं ओढली. "हे बी खरं हाय," म्हणाले आणि गेले. मी सांगितलेलं कारण खोटं नव्हतं. तरी त्या पावसात लांब जाणारी त्यांची पाठ मला पुढं कितीतरी वर्षं दिसायची.

दोन-तीन दिवसांनी आबासाहेब स्वतः आले. व्हरांड्यात बाया तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होत्या. मीही तिथंच होते, तांदूळ निवडत.

"सर, हे कालिज हाय का छावणी?"

"फिलहाल दोनी."

"लोक मला इचारायलेत. ह्याच्यानं वातावरण आणखी पेटंल."

"आबासाहेब, पेटलं म्हणूनच ही माणसं हितं हायत. पेटलं नसतं तर आपापल्या घरी असती."

"कालिज उघडायच्या आधी खाली करा."

सरांनी हात मागं बांधले. "ज्या दिवशी ती आपल्या पायानं जातो म्हणतील त्या दिवशी खाली हुईल. मी सांगणार न्हाई."

आबासाहेब चुलीकडे बघत राहिले. उत्तमची आई उठून उभी राहिली, पदर सावरून बाजूला झाली. ते जीपमध्ये जाऊन बसले. माणसं तीन आठवडे राहिली, मग सरकारी बंदोबस्तात आपापल्या गावी गेली. हॉल झाडून घेतला, कॉलेज सुरू झालं. आम्हाला वाटलं, संपलं.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी मी बेडकाचं विच्छेदन घेत होते. संस्थेचा माणूस मला न्यायला आला. हात साबणानं धुतले तरी वास जात नव्हता. तसेच हात घेऊन मी आबासाहेबांसमोर बसले. त्यांनी एक पत्र पुढं केलं. येलदरकर सरांनी प्रकृतीच्या कारणास्तव प्राचार्यपद सोडलं असून पुढील व्यवस्था होईपर्यंत मी प्रभारी प्राचार्य, आजपासून.

"सरांना काय झालंय?" मी विचारलं.

"सरांना काई झालं न्हाई," आबासाहेब म्हणाले. थकलेले दिसत होते. "ते राहतील कालिजात, शिकवतील. पगार-बिगार सगळं नियमानं."

"पण मीच का? माझ्यापेक्षा वरचे चारजण आहेत."

"ते चौघं कुणाचे ना कुणाचे हायत. तुमी कुणाच्याच न्हाईत बाई. म्हणूनच."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. कॉलेजात परत आले तेव्हा सर कार्यालयात त्याच पत्राची प्रत वाचत होते. माझ्या हातातलं पत्र त्यांना दिसलं. ते उठले, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, कपाटातला पृथ्वीचा गोल काढून घेतला, तो त्यांच्या विभागाचा होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"माझा बारा चाळीसचा तास हाय," म्हणाले. आणि तास घ्यायला गेले.

मी खुर्चीत बसले. समोरच्या वर्गातून त्यांचा आवाज येत होता. नद्या कुठं उगम पावतात, हे ते शिकवत होते. आवाजात काही फरक नव्हता.

प्रकृतीच्या कारणाची गोष्ट मुलांनी खरी मानली. खेड्यांतून मुलं कुणी काढे, कुणी शहाळं, कुणी दर्ग्यातला अंगारा घेऊन यायची. सर सगळं घ्यायचे आणि म्हणायचे, "फिलहाल बरा हाय रे."

स्टाफरूममध्ये त्यांनी माठाजवळची खुर्ची घेतली. तिथं कुणी बसत नसे, कारण पाणी प्यायला येणारा प्रत्येकजण अंगावरून जायचा. पहिले काही दिवस त्यांच्याशी कुणी फारसं बोललं नाही. काय बोलावं ते कुणालाच कळत नव्हतं. मी आत गेले की ते उठून उभे राहायचे. मग नाइलाजानं सगळेच उठायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा बाकीचे तासांना गेल्यावर मी त्यांना म्हणाले, "सर, तुम्ही उठत जाऊ नका. हात जोडते."

"मी तुमच्यासाठी उठत न्हाई बाई. प्राचार्य आले की उठायचं, ही पद्धत हितं मीच पाडली. माझ्या पाळीला मीच मोडली तर काय ऱ्हायलं?"

माझ्या कार्यालयात यायचं तर दाराशी थांबून "आत येऊ का?" विचारायचे. रजेचा अर्ज मोत्यासारख्या अक्षरात, 'मा. प्राचार्यांचे सेवेशी' असा. मंजूर म्हणून त्यावर सही मी करायची. त्यांनी बांधलेलं वेळापत्रक, त्यांनी लावलेली झाडं, त्यांनी नेमलेली माणसं. त्या सगळ्यांत मी पाहुण्यासारखी वावरत होते आणि घरचा माणूस माठाजवळ बसला होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी संस्थेकडून एक यादी आली. वसतिगृहातली चौदा मुलं. सगळी बौद्धवाड्यांतली, तिसरं नाव उत्तमचं. 'गैरवर्तनामुळे' त्यांना वसतिगृहातून काढून टी. सी. द्यावी, प्राचार्यांची सही खाली. यादी घेऊन आलेला माणूस म्हणाला, "आबासाहेबांनी सांगितलंय, सही तेवढी करा. बाकी आमी बघतो."

मी यादी घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सर एकटेच होते.

"सर, काय करू?"

त्यांनी यादी हातात घेतली नाही. "ह्या विषयावर मी बोलणं बरोबर न्हाई. तिथं तुमी हाव."

माझा तोल गेला. "तुम्ही इथं गप्प बसून मान राखताय सर, आणि तिकडं मला एकटीला बसवलंय! मी मागितली होती का ती जागा?"

 त्यांनी माठावरचं झाकण नीट केलं. मग म्हणाले, "एकच इचारतो. ह्यातली किती पोरं तुमी बघितलीत?"

चौदांपैकी मी एका उत्तमलाच ओळखत होते. तोही त्या पावसात दिसला म्हणून.

"फिलहाल त्यांना बोलवा. एकेकाला. चहा पाजा."

मी बोलावलं. दोन दिवस गेले त्यात. मुलं आत येऊन भिंतीला टेकून उभी राहायची; बस म्हटलं तरी बसायची नाहीत. उत्तम आला तो पत्र्याची पेटी घेऊनच. पेटी दाराबाहेर ठेवून म्हणाला, "टी. सी. न्यायला आलो मॅडम."

"कुणी सांगितलं तुला टी. सी. मिळणार म्हणून?"

"समदे सांगायलेत. आईलाबी निरोप धाडला मी, घरी येतो म्हणून."

"काय गैरवर्तन केलंस तू?"

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "ते तुमच्या कागदात आसंल ना मॅडम. मला कुणी सांगितलं न्हाई."

कपात चहा तसाच होता. मी त्याला प्यायला लावला. पेटी परत खोलीत नेऊन ठेव म्हणाले. तो गेल्यावर यादीच्या समासात लिहिलं: 'प्रत्येक विद्यार्थ्याच्या गैरवर्तनाचा तपशील, दिनांक व प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव सहीनिशी कळवावे. त्याशिवाय कार्यवाही करता येत नाही.' आणि यादी परत पाठवली. यात शौर्य काही नव्हतं. कारकुनाला सुचावी अशी गोष्ट होती.  मला वाटलं, उद्या माझंही पत्र येईल. आलं नाही. तपशीलही आला नाही. खाली आपलं नाव लिहायला कुणी तयार झालं नाही, आणि आबासाहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला आता वाटतं, यादी अशी अडकलेली त्यांनाही हवीच होती. पण हे माझं वाटणं.

यादी परत पाठवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले तेव्हा सर उठले, नेहमीसारखे.  दुपारी मात्र माझ्या दाराशी आले. "आत येऊ का?" आले आणि समोर बसले. खिशातून फडक्यात बांधलेली भाकरी काढून अर्धी माझ्यापुढं सरकवली. त्या खोलीत आम्ही दोघांनी मिळून जेवण्याची ती पहिली वेळ.

प्रभारी म्हणून मी तीन वर्षं काढली. मग संस्थेनं बाहेरून प्राचार्य आणले आणि मी माझ्या बेडकांकडे परत गेले. सर त्या प्राचार्यांसाठीही उठायचे. आणखी तीन-चार वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभ त्यांनी नको म्हटला. शेवटच्या दिवशी विभागाचं सामान मोजून दिलं आणि माझ्या प्रयोगशाळेत आले. मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"सर, माझा राग आला होता?"

"आला हुता," ते लगेच म्हणाले. "सा म्हैने."

"मी हो म्हणाले म्हणून?"

"न्हाई, हो तर कुणी ना कुणी म्हणणारच हुतं. मी किल्ल्या ठेवल्या, दाराबाहेर पाय टाकला, आन तुमी बसलाव. मला खुर्चीचा आवाज आला. वाटलं, बाईंना लय घाई झाली."

 मी म्हणाले, "सर, माझे पाय लटपटत होते. उभं राहता येईना म्हणून बसले."

त्यांनी चष्मा काढला. हसायला लागले, इतके हसले की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. "आन मी सा म्हैने..." म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. जाताना पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. थोरल्या भावानं ठेवावा तसा.

त्यानंतर ते चारठाण्याला जाऊन राहिले. वर्षा-दोन वर्षांनी पत्र यायचं. माझं जाणं राहत गेलं. मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, असं काही ना काही. रस्ता काही लांब नव्हता.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. मी परभणीला होते. बातमी ऐकली आणि मला दुसऱ्या कुणाचीच आठवण आली नाही. त्याच आठवड्यात तिळगूळ घेऊन मी चारठाण्याला गेले. आधी कळवलंही नाही.

सर ओसरीवर उन्हात बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मला आवाजावरून ओळखलं. "परवा उत्तम येऊन गेला," म्हणाले. उत्तम सोनपेठकडच्या एका शाळेत भूगोलाचा मास्तर झाला होता. "बायका-पोरं घेऊन आला हुता. सोळा वर्षं लागली बाई. पोरांचे बाप झाले तवर."

"तुम्हाला बरं वाटलं का सर?"

"लय बरं वाटलं. मग संध्याकाळी उगंच वाईट वाटलं."  

आम्ही दुपारपर्यंत बोललो, म्हणजे मीच बोलले. ते ऐकत होते. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, दशम्या बांधून दिल्या. दुपारी मी नको म्हणत असताना ते गाडीला सोडायला आले. थांब्यावर एक बाई हरभऱ्याचे ढाळे विकत होती. सरांनी दोन जुड्या घेतल्या, एक मला खिडकीतून दिली. "पुढच्या खेपंला मुक्कामाला या," म्हणाले. "घाईत येऊ नका." मी हो म्हणाले.

पुढची खेप झाली नाही. पावसाळ्यात सर गेल्याचं वहिनींचं कार्ड आलं.

त्या दिवशी गाडी सुटायला वेळ होता. सर खाली उभे राहून आपली जुडी सोलून खायला लागले. घाटे डोळ्यांजवळ नेऊन, एकेक दाणा काढून, मन लावून. इतके रमले की कंडक्टरनं घंटी दिलेली त्यांना कळली नाही. गाडी हलली, धुरळा उडाला, तेव्हा त्यांनी मान वर केली. मला शोधायला लागले. मी पुढून दुसऱ्या खिडकीत होते. त्यांनी चौथ्या खिडकीकडे पाहून हात वर केला. तिथं फेट्याचा कुणी अनोळखी म्हातारा बसला होता. त्यानंही हात वर केला. सर हसले, समाधानानं, आणि हात हलवत राहिले. मी माझा हात बाहेर काढेपर्यंत गाडी वळली होती.